मीठ आलं की चिकणमाती सगळं सोडून देते?

"अणुकचरा चिकणमातीच्या खडकात पुरणार म्हणे! पण तिथलं भूजल खारं असतं. मीठ मातीला चिकटलेलं सगळं किरणोत्सारी द्रव्य सोडवतं आणि ते पाण्याबरोबर वर येतं." हा मजकूर सतत पुढे पाठवला जातोय. त्यातला एक धागा खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

"मीठ चिकटलेलं सोडवतं"

अणुकचऱ्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याबाबत हे अगदी बरोबर आहे. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार असतो आणि धनभारित आयन त्याला बिलगून राहतात. पाण्यात सोडियम, कॅल्शियम वाढलं की त्याच जागांसाठी गर्दी होते आणि स्ट्रॉन्शियम बाहेर ढकललं जातं. मात्र त्याच्या किरणोत्सारी रूपाचं, स्ट्रॉन्शियम-९० चं, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे २९ वर्षांचं आहे. ३०० वर्षांत त्याचा हजारावा हिस्साही उरत नाही.

"सगळं"

खरी चूक या एका शब्दात आहे. कचऱ्यातलंच दुसरं मूलद्रव्य, सीझियम, चिकणमातीतल्या इलाइट या खनिजाच्या उसवलेल्या कडांमध्ये शिरतं. तिथल्या फटी अरुंद असतात. सीझियम आपल्याभोवतीचं पाण्याचं कवच सहज टाकून आत बसतं, सोडियमला ते जमत नाही. त्यामुळे थोड्या प्रमाणातलं सीझियम साध्या मिठाने फारसं हलत नाही. त्याला तिथून उठवू शकतात ते पोटॅशियम आणि अमोनियम.

अमेरिशियम, क्युरियम या कचऱ्यातल्या जड मूलद्रव्यांची गोष्टच वेगळी. ते खनिजांच्या कडांवरच्या ऑक्सिजनशी थेट रासायनिक बंध जोडतात. हा बंध पाण्याच्या सामूवर, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर, अवलंबून असतो. मीठ कमी की जास्त, याने त्याला फारसा फरक पडत नाही. टेक्नेशियम ऑक्सिजनयुक्त पाण्यात मोकळं फिरतं, पण खोल खडकात ऑक्सिजन नसतो. तिथे पायराइट आणि लोहयुक्त खनिजं त्याला जेमतेम विरघळणाऱ्या रूपात आणतात. युरेनियमची पकड सैल होऊ शकते, हे मान्य. पण ते मुख्यतः कार्बोनेट आणि कॅल्शियमशी होणाऱ्या संयुगांमुळे. नुसतं 'खारं पाणी' म्हणून त्याचा उलगडा होत नाही.

"पाण्याबरोबर वर येतं"

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. स्वित्झर्लंडचा ओपॅलिनस चिकणखडक सुमारे १७.५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. मॉन्ट टेरी इथल्या भूमिगत प्रयोगशाळेत १९९६ पासून त्याचा अभ्यास चालू आहे. त्याच्या छिद्रांतल्या पाण्यात प्राचीन समुद्राचं मीठ अजून आहे! मिठातल्या क्लोराइडचं प्रमाण थराच्या आतल्या भागात सर्वाधिक आहे आणि गोडं पाणी असलेल्या शेजारच्या थरांकडे ते उतरत जातं. पाणी वाहून गेलं असतं तर हा उतार टिकला नसता. रेणू एकेक करून सरकतात, म्हणजे विसरण होतं, तेव्हाच लाखो वर्षांत असा आकार तयार होतो. ज्या मिठाला आरोपी ठरवलं, तेच इथे साक्षीदार आहे.

क्लोराइड ऋणभारित असल्यामुळे मातीला चिकटत नाही. आयोडीन-१२९ ही जवळजवळ तसंच वागतं आणि त्याचं अर्धायुष्य तर दीड कोटी वर्षांहून जास्त. शिवाय खारेपणा वाढला की पापुद्र्यांचं विद्युत प्रतिकर्षण आखडतं आणि ऋणभारित आयनांना थोडी जास्त छिद्रं खुली होतात. फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेखही नाही, पण सुरक्षेच्या हिशोबात सीझियमपेक्षा आयोडीनच जास्त चिंतेचं ठरतं ते यामुळेच. त्याला अडवायला चिकटण्याचा उपयोग नाही, जाडी लागते: विसरणात अंतर दुप्पट केलं की लागणारा काळ चौपट होतो.