साठीनंतर पेटी बंद? कशासाठी?

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. साठी उलटली की वाद्य खाली ठेवा: सांधे झिजतात, हात थरथरायला लागला की त्यावर इलाज नाही, फुंकायच्या वाद्यांनी छातीवर ताण येतो, कान गेले की सूर जातात, म्हातारपणी मेंदू शिणवू नये, आणि 'का थांबलात' असं लोक विचारतात तोवरच कलाकारानं थांबावं. शेवटी 'वाद्य नातवंडांच्या हाती सोपवा' ही गोड ओळ आणि जोडलेले दोन हात. मी पेटी शिकवतो. शिकायला येणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच, त्यामुळे हा मजकूर मोबाइलवर उघडून कुणी ना कुणी मला दाखवतंच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सांध्यांपासून सुरुवात करू. बोटं म्हणजे गाडीचे टायर, जितकी चालवाल तितकी झिजतील, अशी यामागची समजूत आहे. शरीर तसं चालत नाही. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव खेळता राहतो हालचालीनं. म्हणूनच वयोमानानं होणाऱ्या संधिवातात डॉक्टर हात बांधून ठेवायला सांगत नाहीत, बेतानं चालवायला सांगतात. आमवाताची गोष्ट वेगळी. त्यात सांधे लाल, गरम होऊन सुजलेले असतील तेव्हा विश्रांतीच हवी. पण ती त्या दिवसांपुरती, जन्माची नव्हे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जास्त, तर मात्र रियाज दामटू नका, मनगटातली नस दबत असेल. दाखवून घ्या.

बाकीचं बरंच काही वाद्य आणि बैठक बदलून सुटतं. सतारीला मींड ओढताना, म्हणजे तार बाजूला खेचून स्वर सरकवताना, बोट दुखत असेल तर बाजाची (मुख्य) तार थोडी बारीक घ्या आणि सतार अर्ध्या-एका स्वरानं उतरवून लावा, ओढ लगेच कमी होते. मांडी घालून बसवत नसेल तर तबला-डग्गा स्टँडवर ठेवून खुर्चीत बसा. लांब बासरीची छिद्रं बोटांना झेपत नसतील तर आखूड बासरी घ्या. सूर चढा लागेल, एवढंच. पेटीवाल्यांना तर मी आधी भाता तपासायला सांगतो. कुठेतरी हवा गळत असते आणि डावा हात दुप्पट राबत असतो. माणूस खांद्याला तेल चोळत राहतो, दुखणं भात्याचं असतं!

आता थरथर. या सल्ल्यातला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण तो वाचून माणूस वाद्यही सोडतो आणि डॉक्टरकडेही जात नाही. हात थरथरण्याची कारणं अनेक. थायरॉइड वाढलेलं असेल तर हात कापतो. दम्याच्या पंपातल्या सालब्युटामॉलनं कापतो. एक कंप घराण्यातच चालत आलेला असतो. कप उचलताना, सही करताना तो दिसतो, आणि त्यावर प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध चालतं. गंमत म्हणजे, पाश्चात्त्य वाद्यवृंदांतले धडधाकट वादकही मंचावरची भीती घालवायला हेच औषध घेतात. (दमेकऱ्यांना ते चालत नाही, तेव्हा शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नका.) पार्किन्सनचा कंप याच्या उलट, हात मांडीवर स्वस्थ असताना जास्त आणि कामाला लावला की बहुधा कमी. त्या आजारात वादकाला खरा त्रास होतो तो मंदावलेल्या, ताठरलेल्या हालचालींचा, आणि तोही दिवसभर सारखा नसतो. गोळी लागू पडलेली असते त्या वेळात हात मोकळा चालतो. रियाजाची वेळ पहाटेची हवी हा आपला हट्ट इथे सोडावा आणि गोळीच्या वेळेशी जुळवून घ्यावं.

हात वयानं गेला असं सगळ्यांना वाटावं आणि कारण भलतंच निघावं, याचं ठळक उदाहरण म्हणजे पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ. 1983 मध्ये जपानच्या दौऱ्यात त्यांचं वादन ढासळलं, चुकांवर चुका होत गेल्या. वय 79. आता संपलं, असं अनेकांनी धरून चाललं. प्रत्यक्षात त्या काळात ते नैराश्यावरची जड औषधं घेत होते. ती सुटली आणि एप्रिल 1986 मध्ये, 82 व्या वर्षी, मॉस्कोत त्यांनी जी मैफल केली ती आजही लोक ऐकतात. दुसरे पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पुढची तीसेक वर्षं त्यांनी डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, वाद्यवृंद चालवले, शिकवलं, आणि साठीच्या पुढे बोटॉक्सच्या उपचारांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. म्हणजे संदेशानं जिथे थांबायला सांगितलंय, तिथून.

फुंकायच्या वाद्यांबद्दलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, फक्त अवयव चुकला. काळजी छातीपेक्षा डोळ्यांची घ्यायला हवी. शहनाईसारख्या जिभाळीच्या (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पत्तीच्या) वाद्यात हवा जोरानं दाबून सोडावी लागते. अशा वेळी डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना आपण काय वाजवतो ते आवर्जून सांगावं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हर्नियाचा त्रास असताना किती दिवस थांबायचं, हेही विचारावं. बासरीत तेवढा दाब लागत नाही. बाकी बिस्मिल्ला खाँसाहेब नव्वद वर्षं जगले आणि उतारवयातही शहनाई वाजवत होते. उलट दिशेचा एक छोटा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला होता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोपेत श्वास अडकणाऱ्या 25 जणांपैकी काहींना चार महिने डिजरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक फुंकवाद्य, वाजवायला शिकवलं. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली. घरच्यांची झोपही सुधारली, असंही त्यात नोंदवलंय. पंचवीस माणसांवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, पण 'फुंकू नका' म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

कानांचं दुखणं खरंच अवघड. वयानं आधी वरचे, बारीक आवाज जातात. श्रवणयंत्र लावलं की बोलणं कळतं, पण तंबोरा विचित्र ऐकू येतो, आणि मग 'आता सूर कळत नाही' म्हणून माणूस उठतो. दोष बरेचदा यंत्राच्या जुळणीत असतो. ही यंत्रं बोलण्यासाठी बेतलेली असतात. एकच स्वर लांबला की स्वतःचीच शिट्टी समजून यंत्र तो दाबायला जातं. तंबोरा आणि बासरी म्हणजे तर लांबलेले स्वरच! बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते. ती मागून घ्यावी लागते, आणि यंत्र लावायला जाताना वाद्य सोबत न्यावं. दुकानात सतार घेऊन जायला लाज वाटते हे मला माहीत आहे. तरी न्यावी.

मेंदू शिणण्याबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंच्याहत्तरीपुढच्या 469 जणांवरचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या, बैठे खेळ खेळणाऱ्या, नाचणाऱ्या आणि वाद्य वाजवणाऱ्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. वाद्यामुळेच ते कमी झालं की मेंदू शाबूत होता म्हणून वाद्य चालू राहिलं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. 'रोज पेटी वाजवा, स्मृतिभ्रंश टाळा' असाही एक संदेश फिरतो, तोही तितकाच कच्चा. शिणवटा येतो हे मात्र खरं. त्यावर उपाय साधा: तासभर एका दमात बसण्याऐवजी वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी.

राहता राहिला 'शिखरावर असताना थांबा' हा मुद्दा. ऐकायला बाणेदार आहे, म्हणूनच तो पटकन पुढे पाठवला जातो. पण ही सोय ऐकणाऱ्याची आहे, वाजवणाऱ्याची नव्हे. त्याच्या आठवणीतलं चित्र बिघडू नये म्हणून यानं घरात गप्प बसायचं? पंडित रविशंकर यांनी 4 नोव्हेंबर 2012 रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला मुलीसोबत शेवटची मैफल केली. वय 92, श्वासाला प्राणवायूचा आधार. महिनाभरानं ते गेले. पंडित शिवकुमार शर्मा 10 मे 2022 रोजी 84 व्या वर्षी गेले तेव्हा त्यांचं डायलिसिस चालू होतं, आणि पुढच्याच आठवड्यात भोपाळचा कार्यक्रम ठरलेला होता. बालगंधर्वांना साथ केलेले अहमदजान थिरकवाँ ऐंशीच्या घरात तबला वाजवत होते. यांना थांबायचं कळत नव्हतं, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

तिशीतली तयारी ऐंशीत नसते, हे कुणी नाकारत नाही. आर्थर रुबिनस्टाइन यांनी उतारवयात पियानो कसा सांभाळला ते स्वतःच सांगितलं होतं: कमी रचना निवडायच्या, त्यांवर जास्त मेहनत घ्यायची, आणि द्रुत भाग येण्याआधी लय किंचित उतरवायची, म्हणजे पुढचा भाग आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो. डोळ्यांची मधली नजर जाईपर्यंत, 1976 पर्यंत, ते मैफली करत राहिले. त्यांच्यापुढे तर लिहिलेली रचना होती, एक स्वर गाळायची सोय नव्हती. आपल्याकडे लय वादकच ठरवतो. आलाप-जोड लांबवा, विलंबित गत अंमळ जास्त घोळवा, शेवटचा वेगवान भाग, ज्याला 'झाला' म्हणतात, तो चार आवर्तनांत आटपा. कुणी नियम मोडला म्हणणार नाही.

आणि बहुसंख्य वाजवणाऱ्यांना शिखर असतंच कुठे? गावच्या भजनी मंडळात पेटी धरणारे, पखवाजाच्या धुमाला (डाव्या तोंडाला) कणीक लावून हरिपाठाला बसणारे, कॉलनीतल्या गणपतीत तबल्याचा ठेका देणारे. त्यांचं वाजवणं कुणी तिकीट काढून ऐकत नाही. त्यांनी नेमकं कशातून निवृत्त व्हायचं?

नातवंडांना वाद्य द्यायच्या ओळीबद्दल एवढंच. न वाजणाऱ्या पेटीचा भाता कडक होतो, आतल्या सुरांच्या धातूच्या पट्ट्यांवर दमटपणा चढतो. सतारीच्या तारा गंजतात. तबल्याची पुडी उतरते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. नातू मोठा होईस्तोवर गवसणीत राहिलेलं वाद्य त्याच्या हाती पडतं तेव्हा आधी दुरुस्तीवाल्याकडे न्यावं लागतं. शिवाय आजोबांची पूर्ण मापाची सतार आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मावत नाही. त्याला छोटी लागते, आणि ती वेगळी विकत मिळते.