संमिश्र संख्यांचा भागाकार: ‘पाच सेकंदांची ट्रिक’ चुकीची का आहे

अकरावीच्या आणि सीईटीच्या तयारीच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘वास्तव भागाला वास्तव भागाने भागा, काल्पनिक भागाला काल्पनिक भागाने, पाच सेकंदांत भागाकार. कॉन्ज्युगेटने गुणणं ही नुसती घोकंपट्टी. १/आय म्हणजे आयच. आणि छेदात आय राहिला तरी काही बिघडत नाही.’ (आय म्हणजे √−१. ३ + ४आय ही संमिश्र संख्या; तिच्यात ३ हा वास्तव भाग, ४ हा काल्पनिक. काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलं की मिळते ती तिची कॉन्ज्युगेट, इथे ३ − ४आय.) मुलं या मेसेजवर विसंबून पेपर लिहितात, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

(३ + ४आय) ÷ (१ − २आय) हे उदाहरण घ्या. ट्रिकने उत्तर येतं ३ − २आय. आता प्राथमिक शाळेतला ताळा करा: उत्तर गुणिले भाजक म्हणजे भाज्य यायला हवा. (३ − २आय)(१ − २आय) = ३ − ६आय − २आय + ४आय². आय² = −१, म्हणून हाती येतं −१ − ८आय. कुठे ३ + ४आय आणि कुठे हे! बेरीज-वजाबाकी भागाभागाने होते. गुणाकारात मात्र काल्पनिक गुणिले काल्पनिक हे वास्तव भागात जाऊन बसतं. गुणाकारच भागाभागाने होत नसेल, तर भागाकार कसा होईल?

आता कॉन्ज्युगेट. १ − २आय ला १ + २आय ने गुणलं की मधली पदं उडतात आणि छेद ५ होतो. नववीत करणींच्या धड्यात अनुबद्ध जोडी घेऊन छेदाचं परिमेयीकरण केलंत, तेच इथे आहे. अंश होतो ३ + ६आय + ४आय + ८आय², म्हणजे −५ + १०आय. उत्तर −१ + २आय. कॉन्ज्युगेट नकोच असेल तर उत्तर क्ष + य·आय माना, त्याला भाजकाने गुणा आणि भाग जुळवा: क्ष + २य = ३, य − २क्ष = ४. क्ष = −१, य = २. दोन्ही वाटांनी उत्तर एकच.

१/आय = आय याची ‘सिद्धता’ अशी देतात: √१/√−१ = √(१/−१) = √−१. दिसायला चोख, पण आय × आय हे १ नाही, −१ आहे. खरं उत्तर −आय. वर्गमुळं एका चिन्हाखाली घ्यायचा हा नियम छेदात ऋण संख्या आली की भरवशाचा राहत नाही. ऑयलरच्या १७७० सालच्या बीजगणितातही √−१ × √−४ = २ असं छापलेलं आहे; आजच्या संकेताने ते −२.

छेदात आय ठेवला तर काय बिघडतं? २३० व्होल्ट एसी पुरवठ्यावर ३ + ४आय ओहम प्रतिबाधा (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) जोडा. (विजेच्या विषयात ‘आय’ऐवजी ‘जे’ (j) हे अक्षर लिहितात.) प्रवाह = २३०/(३ + ४आय). यावरून काय वाचणार? ३ − ४आय ने गुणा, छेद २५, प्रवाह २७.६ − ३६.८आय अँपिअर. आता दिसतं: खरी शक्ती २३० × २७.६ = ६३४८ वॅट, आणि ऋण चिन्ह सांगतं की प्रवाह व्होल्टेजच्या मागे आहे. अँमीटर ४६ अँपिअर दाखवेल, पण त्यातले किती कामाचे, हे वास्तव भागच सांगतो. नुसते गुणाकार-भागाकार करायचे असतील तर ध्रुवीय रूप (संख्या लांबी आणि कोनाने लिहिणं) सोयीचं, हे मान्य. पण दोन शाखांतल्या प्रवाहांची बेरीज करायची वेळ आली की पुन्हा अ + ब·आय रूपातच यावं लागतं.