वीस टक्के एलसीपी घालून फरक पडत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये लिक्विड क्रिस्टल पॉलिमर (एलसीपी) मिसळण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आम्ही वीस टक्के व्हेक्ट्रा घालून पाहिलं, कडकपणा जेमतेम वाढला. असले पुस्तकी लेख लिहून लहान कारखानदाराला खड्ड्यात घालू नका." (व्हेक्ट्रा हा एलसीपीचाच एक ब्रँड.) पुढे वेल्ड लाइन (साच्यात मालाचे दोन प्रवाह जुळतात तो सांधा) आणि भावाबद्दल तक्रार आहे.

मतभेद असू द्या, पण 'पुस्तकी' हा शब्द मला मान्य नाही. माझी उमेदीची वर्षं कंपाउंडिंगच्या, म्हणजे पॉलिमर वितळवून मिसळण्याच्या, मशीनवर गेली आहेत. समोरच्याला ओळखत नसताना हेतूवर बोट ठेवायची ही कुठली रीत?

एक गोष्ट मान्य करतो. वाळवण्याबद्दल मी आणखी सविस्तर लिहायला हवं होतं. व्हेक्ट्रा १५० अंशांवर चार ते सहा तास, पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर चार तास, आणि दोन्ही वेगवेगळ्या ड्रायरमध्ये. १५० अंशांवर पॉलिकार्बोनेटचे दाणे मऊ होऊन चिकटतात.

आता तुमचं मुख्य वाक्य. वजनाचे २० टक्के म्हणजे आकारमानाचे साधारण १७-१८ टक्के. मोल्ड केलेल्या व्हेक्ट्राचं मोड्युलस (कडकपणाचं माप) प्रवाहाच्या दिशेत सुमारे १० गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचं २.३. सगळं एलसीपी तितकंच नीट रेषेत लागलं, तर हिशेब ३.७ च्या आसपास येतो. व्हेक्ट्रान धाग्यासारखं ताणलेलं एलसीपी मात्र ६० च्या पुढे जातं. म्हणजे आकडा ठरतो तो एलसीपी आत कुठल्या आकारात आहे त्यावर: थेंब की तंतू. नुसते थेंब असतील तर कडकपणा जेमतेमच वाढणार. पाकाची तार बोटांनी ओढल्याशिवाय निघत नाही, तसा एलसीपीचा तंतू प्रवाहात ताण बसल्याशिवाय होत नाही. जी. किस यांनी १९८७ मध्ये अशा मिश्रणांना 'इन-सिटू कॉम्पोझिट' म्हटलं, ते तंतू मशीनमध्येच तयार होतात म्हणून.

तुम्ही जाडी सांगितलेली नाही. साच्यात मालाचं पुढचं टोक भिंतीकडे वळताना ताणलं जातं आणि थंड भिंतीला लागताच गोठतं. म्हणून कातडीत (बाहेरच्या थरात) तंतू सापडतात, गाभ्यात थेंब. १ मिमीच्या भागात कातडीचा वाटा मोठा असतो, ३ मिमीच्या पट्टीत गाभाच जास्त.

ग्रेडही सांगितलेला नाही. वितळल्यावर एलसीपी मॅट्रिक्सपेक्षा (मुख्य पॉलिमर, इथे पॉलिकार्बोनेट) पातळ असलं पाहिजे. जास्त मेल्ट फ्लोचं (वितळल्यावर सहज वाहणारं) पॉलिकार्बोनेट घेतलं किंवा बॅरल (मशीनचं तापवलेलं नळकांडं) ३२० अंशांवर नेलं, की मॅट्रिक्सही पातळ होतं आणि थेंब ओढले जात नाहीत. मी २९०च्या आसपास राहायला सांगतो. माल बॅरलमध्ये फार वेळ ठेवला तर दोन्ही पॉलिमरमध्ये एस्टरची अदलाबदल होते, तेही टाळायचं.

आणि मिश्रण करताना एक्स्ट्रूडरमधून बाहेर पडणारी स्ट्रँड (मालाची दोरी) कितीही ओढा (३ मिमीच्या भोकातून १ मिमीची स्ट्रँड म्हणजे नऊपट ताण), मोल्डिंगमध्ये माल २८०च्या वर गेला की ते तंतू वितळतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये आधी ओढून मग २००-२२० अंशांवर मोल्ड केलं तर टिकतात. तुमच्या मिश्रणात मोल्डिंगलाच तंतू व्हावे लागतात.

हे तपासता येतं. पट्टीची कातडी आणि गाभा वेगळे कापा, डायक्लोरोमीथेनमध्ये टाका (फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून). पॉलिकार्बोनेट विरघळतं, एलसीपी उरतं. मायक्रोस्कोपखाली मणी दिसले की धागे, ते बघा. हे न करता 'फरक पडत नाही' म्हणणं मला बेजबाबदार वाटतं.

वेल्ड लाइन निव्वळ एलसीपीतही कमकुवतच असते, गेट (साच्यात माल शिरतो ती जागा) हलवा. भावावर मी लेखात दावाच केलेला नाही, त्यामुळे त्यावर वाद घालणार नाही.

बॅरल तापमान, पट्टीची जाडी, गेटची जागा आणि पॉलिकार्बोनेटचा मेल्ट फ्लो कळवा. त्याशिवाय तुमच्या आकड्यावर मी पुढे काही बोलणार नाही.