‘दिष्टी’ म्हणजे दृष्टच

शुक्रवारी सकाळी सहाला आईचा मेसेज आला. आई सिडकोत राहते, मी हिरावाडीत. ‘सावधान नाशिककर!’ अशी सुरुवात, लाल दिव्यांची रांग, शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. खाली आईने स्वतः लिहिलेली एकच ओळ: ‘पोरीला आज शाळेत पाठवू नकोस.’

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कुंभमेळ्याच्या गर्दीआडून परप्रांतातल्या दोनशे बायकांची टोळी शहरात शिरली आहे. मराठी-हिंदी कळत नसल्याचं सोंग करतात आणि आपसात सांकेतिक भाषेत बोलतात. लहान मूल दिसलं की त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडतात. तेवढ्याने मूल भारल्यासारखं त्यांच्यामागे चालू लागतं. हेरलेल्या घरांच्या दारांवर खडूने बाण आणि आकडे काढून ठेवतात. पुरावा म्हणून एक व्हिडिओ. शिवाय पोलिसांकडेच अपहरणाचे ढीगभर गुन्हे नोंदलेले आहेत. आणि शेवटचा आदेश: ‘दिसल्या की आधी धरा, मग विचारा.’

शनिवारी संध्याकाळी आमच्या गेटसमोर एका बाईला आधी धरलं गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

बोटं मोडण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात संतापजनक तेच आहे. लहान लेकराच्या गालांवरून दोन्ही हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, याला आपण अलाबला घेणं म्हणतो. माझ्या आजीने माझी घेतली, आईने माझ्या मुलीची घेतली. गेल्या दिवाळीत पोरीने पहिल्यांदा परकर-पोलकं घातलं तेव्हा आईने बोटं मोडली, वर मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकल्या. ती बाई हा मेसेज पुढे पाठवते, आणि हे आपण रोज करतो असं तिच्या मनातही येत नाही? हिंदीभाषक घरांत बलाएँ घेतात, तेलुगू घरांतही अशीच बोटं मोडून दृष्ट काढतात. याने मूल संमोहित होत असतं तर नाशिकमधली निम्मी नातवंडं आज्यांच्या मागे भारून फिरली असती.

शनिवारी आलेली बाई साठीपुढची होती. हिरवी सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. गेटपाशी शेजाऱ्यांचा दोन वर्षांचा मुलगा खेळत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, गालांवरून हात फिरवले, बोटं मोडली आणि हसून काहीतरी बोलली. वरून कुणीतरी ओरडलं, ‘हीच ती!’ पाच मिनिटांत तीसेक माणसं जमली. मी खाली पोहोचले तेव्हा एकाने तिचं मनगट पिरगाळून धरलं होतं. बांगड्या फुटून रक्त येत होतं. ती एकसारखी ‘पिल्ल, पिल्ल, दिष्टी’ म्हणत होती. आपण काय केलं ते सांगायला तिने मोकळ्या हाताने पुन्हा तीच खूण केली, तर ‘बघा, अजून करतेय’ म्हणून गलका वाढला. ‘पोरं पळवायला आलीस ना?’ या प्रश्नावर तिने न कळून मान डोलावली, ती कबुली ठरली. पिशवी रस्त्यावर उलटी केली. त्यातून स्टीलचा डबा निघाला, गोळ्यांची पट्टी, चष्म्याचं घर आणि पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली. गुंगीचं औषध असणार म्हणून एका पोराने ती बाटली गटारात ओतली.

तिसऱ्या मजल्यावर माहेरची सोलापूरची एक वहिनी राहते, पद्मशाली घरातली. तिला हाक मारून खाली बोलावलं. तिने तेलुगूत पहिलं वाक्य बोलताच म्हातारीने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. बाई तेलंगणातल्या धर्मपुरीची. त्यांच्या गावावरून गोदावरी वाहते, तिचा उगम बघायला घरच्यांबरोबर त्र्यंबकला आली होती. रामकुंडावरून परतताना चुकामूक झाली. बाटलीत कुशावर्ताचं पाणी होतं, गावी न्यायला. ‘पिल्ल’ म्हणजे लेकरू. ‘दिष्टी’ म्हणजे दृष्ट. पोर गोड आहे, दृष्ट लागेल, एवढंच ती म्हणत होती. शब्दही जवळपास आपलाच होता. तीस जणांत तो कुणालाही ओळखू आला नाही, कारण सगळे मेसेज वाचून आले होते.

आता ‘सोंग’. तेलंगणातल्या खेड्यातल्या म्हातारीला मराठी-हिंदी येत नाही यात सोंग कसलं? रामकुंडावर रोज कुठून कुठून माणसं येतात, खाणाखुणांनी पूजेचं ताट घेतात, रिक्षा ठरवतात, हिशेब बोटांवर होतो. शहराचं पोट त्यावर चालतं. आणि आई, तू रामेश्वरला वाट चुकलीस तेव्हा तुला कुठे तमिळ येत होतं? एका फुलवालीने हाताला धरून तुला बसपर्यंत आणून सोडलं, हे तूच दहा वेळा सांगितलं आहेस.

‘आधी धरा, मग विचारा’ असं लिहिणाऱ्याने राईनपाड्याचं नाव ऐकलेलं असणारच. आपल्या शेजारचा धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्याआधी मोबाईलवर फिरत होत्याच. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं पुरलं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं. कुठल्याही टोळीशी त्यांचा संबंध नव्हता. त्याच दिवसांत मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या हाती सापडलेल्या कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं सोडवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पट्ट्याने आणि काठ्यांनी मारलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. आपल्याकडे सिंहस्थाला येणारे लाखो लोक रस्ताच विचारणार आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना आपली भाषा येणार नाही.

खडूच्या खुणांचं उत्तर कुठल्याही आशाताईला विचारा. पल्स पोलिओवाले घरोघर जातात तेव्हा दारावर घराचा क्रमांक आणि तारीख लिहितात, पुढे कुठे गेलो ते बाणाने दाखवतात. आमच्या दारावरचा बाणही त्यांचाच आहे.

व्हिडिओ नाशिकचा नाहीच, भारतातलाही नाही. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं पोर उचलतात, ही कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात आहे. मूळ फितीत ते दोघं वळून येऊन पोर परत ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक धरतात. तेवढा शेवट कापून ही फीत २०१८ मध्येही फिरवली गेली होती. कापणाऱ्याला ती काय आहे हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर कापली.

राहिला अपहरणाच्या गुन्ह्यांचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. गुन्हे नोंदले जातात आणि आकडा लहान नसतो. पण तो कसा बनतो ते मेसेज सांगत नाही. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा. मार्क कमी पडले म्हणून मामाकडे पळालेला पोरगा, लग्नासाठी घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी, जत्रेत हात सुटलेलं लेकरू, सगळ्यांची नोंद अपहरण अशीच होते. आदेश चांगलाच आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शोध सुरू होतो. मुलांची तस्करीही होते, ती मी नाकारत नाही. पण त्या आकड्यावरून बोटं मोडणाऱ्या दोनशे बायका सिद्ध होत नाहीत. खरोखर शंका आली तर ११२ लावा, मूल एकटं दिसलं तर १०९८. म्हातारीचं मनगट पिरगाळण्यापेक्षा ते लवकर होतं.

तिच्या मुलाला फोन लागला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तोवर ती सोलापूरच्या वहिनीकडे ताक-भात खाऊन बसली होती. ज्याची दृष्ट काढली त्या मुलाच्या आईने तिला स्वतःच्या हाताने हिरव्या बांगड्या भरल्या. बाटलीत रामकुंडाचं पाणी भरून दिलं, पण कुशावर्ताचं ते गेलंच. जाताना गाडीत बसण्याआधी ती त्या पोराकडे वळली, हात उचलला आणि गर्दीकडे बघून परत खाली घेतला.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती बोलली नाही. रविवारी सकाळी तिने ज्या चार ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथे स्वतः लिहिलं, ‘मी पाठवलेलं खोटं होतं, कुणी पुढे पाठवू नका.’ तिला ज्या पाचव्या ग्रुपवरून तो आला, तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात. शुक्रवारचा मेसेज तिथे अजून तसाच आहे. ॲडमिनसाहेब, तो आजच काढा आणि खोटा होता असं तिथेच लिहा.