मेंदूने ठरवलं, मग मी कोण?

‘तुम्हाला कळायच्या आधीच मेंदूने निर्णय घेतलेला असतो, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. प्रत्येक कृतीमागे कारणं असतात, आणि कारण नसेल, तर निव्वळ योगायोग उरतो; म्हणून इच्छास्वातंत्र्य हा शब्दच अर्थहीन आहे. तेव्हा कुणाला दोष देऊ नका आणि कुणाचं कौतुकही करू नका.’ अशा आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो पुढे पाठवणारी माणसं विचारी आहेत, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी ‘सिद्ध केलंय’ बद्दल. हा दावा अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगावर उभा आहे. वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं तेव्हा घड्याळावर फिरणारा ठिपका कुठे होता ते सांगा, एवढंच काम होतं. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाली, पण मेंदूतली विद्युत लहर सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच चढू लागली होती. पण मनगट आत्ता हलवायचं की क्षणभराने, याला काही कारणच नसतं. ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं की मेंदूत सतत चालणारे चढउतार एका पातळीपलीकडे गेले की हालचाल होते, असं मानलं तरी अनेक हालचालींची सरासरी काढल्यावर अगदी तशीच लहर दिसते. म्हणजे लहर चढली, म्हणून निर्णय झालेला होता असं होत नाही. पुढे २०१९मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना कोणत्या संस्थेला देणगी जावी हे ठरवायला सांगितलं. निवडीने खरंच फरक पडणार होता, तिथे ही लहर जवळपास दिसलीच नाही. आणि लिबेट स्वतः काय म्हणत होते? उमटलेली इच्छा शेवटच्या क्षणी रोखता येते, असं. फिरणाऱ्या मजकुरात हे कुठेच येत नाही.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे: ‘प्रत्येक कृतीमागे कारणं असतात, म्हणून स्वातंत्र्य नाही.’ कारणं असतात, हे मला मान्य आहे. ‘म्हणून’ मान्य नाही.

एक बाई बेसिनपाशी उभी आहे. हात स्वच्छ झालेत हे तिला ठाऊक आहे, तरी नळ पुन्हा सुरू होतो, साबण पुन्हा हातात येतो. बोटांची कातडी सोलवटून निघाली आहे. दुसरीकडे एक सर्जन शस्त्रक्रियेआधी तितकाच वेळ हात धुते आहे. कुणी येऊन सांगितलं, ‘ऑपरेशन रद्द झालं’, तर सर्जन नळ बंद करते. पहिलीला काहीही समजावून सांगा, तिला ते पटतं, पण हातापर्यंत पोचत नाही. ती म्हणते, ‘मला थांबवत नाही.’ ‘मी थांबत नाही’ आणि ‘मला थांबवत नाही’ यांतला फरक मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कळतो. दोघींच्याही डोक्यात मेंदूच आहे, दोघींच्याही कृतीला आधीची कारणं आहेत. मग मेंदूकडे बोट दाखवून हा फरक पुसला कसा जाईल? इच्छास्वातंत्र्य हे या फरकाचं नाव आहे. कारणांच्या साखळीबाहेर बसलेला कुणी आत्मा त्यासाठी लागत नाही.

‘कारण नसेल, तर निव्वळ योगायोग उरतो’ हेही खरंच. पण कारणमुक्ती म्हणजे स्वातंत्र्य असं मी म्हणतच नाही. डोक्यात नाणं उडवून माझे निर्णय होत असते, तर ते माझे उरलेच नसते.

राहिला दोष आणि कौतुकाचा प्रश्न. मजकुरामागची करुणा मला मनापासून पटते. हिंसेत वाढलेल्या मुलाला आणि मायेत वाढलेल्या मुलाला एकाच मापाने मोजणं अन्यायच आहे. पण का? कारण पहिल्याची स्वतःला आवरण्याची क्षमता घडायच्या आधीच मोडली गेली असू शकते. मेंदूत गाठ होऊन स्वभाव पालटलेल्या माणसाला आपण सवलत देतो, तीही त्याने काही गमावलंय म्हणून. मुळात कुणाकडेच काही नसेल, तर त्याने गमावलं काय?

बेसिनपाशी उभ्या बाईवर उपचार होऊ शकतात. हात धुवावेसे वाटत असतानाच ते न धुता थांबायचं, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत, पुन्हा पुन्हा. काही आठवड्यांनी ती एकदाच हात धुते, नळ बंद करते आणि टॉवेल घेते. मेंदू तोच, कारणंही चालूच. तिला काय परत मिळालं, ते ‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्द टाळून कुणी मला सांगावं.