उरलेले बाइट आपोआप रँडम होत नाहीत

माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका मुलीने परवा एन्क्रिप्शनची की (गुप्त किल्ली) तयार करणाऱ्या कोडमधलं, हवे तेवढे रँडम बाइट मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मागणारं लूप काढून टाकलं. का, विचारलं तर तिने मोबाइलवर फिरत आलेला मजकूर दाखवला: ‘/डेव्ह/यूरँडम मागितले तेवढे बाइट देतोच, रिटर्न व्हॅल्यू तपासू नका. कमी आले तरी बफरमध्ये आधीचा कचरा असतो, तोही रँडमच. फारच धास्ती असेल तर टाइमने सीड केलेला रँड वापरा.’ (/डेव्ह/यूरँडम ही लिनक्समधली रँडम बाइट देणारी फाइल, रिटर्न व्हॅल्यू म्हणजे किती बाइट मिळाले ते सांगणारा आकडा, बफर म्हणजे ते ठेवायची मेमरीतली जागा, आणि सीड म्हणजे रँड हे फंक्शन ज्यावरून आकडे काढतं तो सुरुवातीचा आकडा.)

आधी त्या कचऱ्याचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. सिस्टिम नवीन मेमरी देते ती शून्यं भरून देते, एका प्रोसेसचा डेटा दुसरीला दिसू नये म्हणून. स्टॅकवर (फंक्शन कामाला वापरतात त्या मेमरीत) आधीच्या फंक्शनचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) नि लांबीचे जुने आकडे पडलेले असतात, तेही बऱ्याचदा दर वेळी तेच. ३२ बाइटची की मागितली, २० आले आणि उरलेले १२ शून्य राहिले, तर २५६ बिटांची की १६० बिटांवर आली. डिव्हाइस फाइल उघडलीच नाही (बंदिस्त डिरेक्टरीत ती नसते, किंवा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलींना मिळणारे क्रमांक, संपलेले असतात), तर ३२ च्या ३२ शून्यं. प्रोग्रॅम तरीही बिनतक्रार चालतो! डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीत बिघडलेल्या सीडिंगमुळे प्रोसेस आयडीपुरतेच (चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकापुरतेच), म्हणजे ३२,७६८ पर्याय उरले होते. २००६ मध्ये शिरलेली ती चूक २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही.

त्या मुलीने एक अट ठेवली होती: n (मिळालेले बाइट) हा साइझऑफ बफरपेक्षा (बफरच्या आकारापेक्षा) कमी असेल तर एरर. दिसायला चोख. पण रीड (बाइट वाचणारं फंक्शन) फसलं की -१ येतो, आणि साइझऑफ अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) असल्याने तुलनेत तो -१ प्रचंड मोठा आकडा होतो. अट खोटी ठरते, कोड पुढे जातो. नेमकी नको तीच केस सुटते.

‘मागितले तेवढे देतोच’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गेटरँडम या रँडम बाइट देणाऱ्या लिनक्सच्या कॉलचं मॅन्युअल सांगतं की पूल (सिस्टिमने जमवलेला रँडमपणाचा साठा) एकदा तयार झाला की २५६ बाइटपर्यंतची मागणी पूर्ण मिळते, सिग्नलने (प्रोग्रॅमला मध्येच येणाऱ्या सूचनेने) तुटत नाही. पण त्याच परिच्छेदात पुढे आहे: त्याहून मोठ्या बफरला ही हमी नाही, सिग्नल आला तर अर्धवट भरलेला बफर किंवा ईआयएनटीआर (सिग्नलने काम तुटल्याची एरर) मिळू शकतो. मजकूर लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं नि दुसरं सोडलं. शिवाय लिनक्सच्या /डेव्ह/यूरँडमलाही २५६ बाइटपर्यंत अशीच हमी असली, तरी ती प्रत्येक डिव्हाइसवरच्या रीडला लागू नाही. /डेव्ह/रँडम तर ५.६ च्या आधीच्या लिनक्समध्ये एंट्रॉपी (जमलेला रँडमपणा) कमी असली की सर्रास थोडेच बाइट द्यायचा.

टाइमने सीड केलेल्या रँडबद्दल एवढंच: की कोणत्या दिवशी बनली हे माहीत असेल, तर तपासायचे सेकंद फक्त ८६,४०० उरतात.

लूप परत घातलं. आले तेवढे बाइट मोजून पॉइंटर पुढे न्यायचा, ईआयएनटीआर आला तर पुन्हा मागायचं, शून्य किंवा दुसरी एरर आली तर तिथेच थांबायचं, की बनवायचीच नाही. तिला ते लांबलचक वाटत असेल तर गेटएंट्रॉपी आहे: एका वेळी २५६ बाइटपर्यंत, एक तर सगळे देतो नाहीतर एरर. पण त्याचीही रिटर्न व्हॅल्यू तपासावीच लागते.