अर्जेंटिनाचे तीन दिवस

पोस्ट लांब होणार आहे. दिवसभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, विक्रीच्या पट्ट्या लिहून बोटं आखडलेली असतात, तरी आज लिहितोच.

२२ सप्टेंबर २०२५ला आमच्या तेरणाकाठच्या रानात मांडीएवढं पाणी होतं. सोयाबीन शेंगांनी लगडलेलं, आठ-दहा दिवसांत काढायला आलेलं. धाकटा भाऊ बांधावर उभा राहून व्हिडिओ पाठवत होता. त्यात नुसता पाण्याचा आवाज आणि मधूनच त्याचा, "दादा, हे बघ." त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या सरकारनं धान्य आणि तेलबियांवरचा निर्यात कर माफ केला. त्यांना डॉलर पाहिजे होते. ७ अब्ज डॉलरची नोंदणी होईपर्यंत सवलत, असं ठरलं आणि तीन दिवसांत ती मर्यादा भरलीसुद्धा. तेवढ्यात चीननं सोयाबीन उचललं आणि आपल्या आयातदारांनी सुमारे ३ लाख टन सोयातेल बुक केलं.

मी लातूरला एका आडतीवर दिवाणजी आहे, १९ वर्षं झाली. आकडा दिसला की भागाकार करायची खोड आहे. सोयाबीनमधून तेल निघतं १८ टक्के. म्हणजे ३ लाख टन तेलासाठी साडेसोळा लाख टनांहून जास्त सोयाबीन गाळावं लागतं. भावाच्या व्हिडिओतलं पाणी ओसरायच्या आत हे सौदे झाले.

यात आयातदारांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. स्वस्त मिळालं की घ्यायचं, हाच धंदा. आमचे शेठही तेच करतात आणि त्यावरच माझा पगार निघतो. मला खटकतंय ते वेगळंच आहे, पण त्याआधी मोंढ्यात भाव कसा निघतो ते सांगतो. शहरातल्या मित्रांना वाटतं, व्यापारी मनाला येईल तो आकडा बोलतो.

सोयाबीन हे तेलाचं पीक, असं पुस्तकात असतं. सोयाबीन गाळणारा प्लांटवाला तसं मानत नाही. क्विंटलमागं तेल १८ किलो आणि ८० किलोच्या वर पेंड. तिला आम्ही डीओसी म्हणतो. त्याचा धंदा पेंडीवर चालतो आणि पेंड जाते कोंबड्यांना. ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास काढतो, आपल्याकडं एक टन निघाला की पाटील खूश. साहजिकच त्यांची पेंड स्वस्त आणि परदेशात आपल्या पेंडीला गिऱ्हाईक कमी. घरच्या बाजारात आणखी एक पाहुणा आलाय, डीडीजीएस. मक्यापासून इथेनॉल काढलं की जो चोथा उरतो तो. पोल्ट्रीवाल्याला तो डीओसीपेक्षा स्वस्त पडतो, मग तो डीओसी कमी घेतो. म्हणजे गाडीच्या टाकीत इथेनॉल वाढलं की आमच्या सोयाबीनच्या कट्ट्याचा भाव उतरतो. हे गावात पारावर सांगितलं तर लोक म्हणतात, दिवाणजी सकाळी सकाळी घेऊन आला की काय.

त्यात आपल्याकडचा सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचा सौदा, डिसेंबर २०२१ला बंद झाला. मग आमचे लोक रात्री शिकागोचा वायदा बघतात, मलेशियाचं पामतेल बघतात, डॉलर बघतात. सकाळी प्लांटचा भाव व्हॉट्सॲपवर पडतो आणि मग मोंढ्यात सौदा निघतो. हमाल पोत्यात बंबू खुपसून मूठभर दाणा काढतो, व्यापारी तळहातावर चोळतो, एक दाणा दाताखाली फोडतो. "ओल हाय." संपलं. शिकागोपासून तळहातापर्यंत सगळं दहा मिनिटांत.

आता घरची गोष्ट. आमच्या घरात तेलाची पिशवी येते. सोयाबीन रिफाइंड. पिकवतो सोयाबीन आणि खातो बहुतेक अर्जेंटिनाचं, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. आजीच्या काळात करडईचं तेल होतं. ज्वारीच्या पाट्यात करडई असायची आणि तिची काढणी पहाटे, दव असताना. ऊन चढलं की काटे ताठ होतात, हात सोलून निघतात. बाया हाताला चिंध्या गुंडाळायच्या. मग गावातल्या घाण्यावर तेल आणि बैलांना पेंड. ८०च्या दशकाच्या शेवटी सूर्यफूलही जोरात होतं. १९८६ला सरकारनं तेलबियांचं मिशन काढलं आणि ९०च्या दशकाच्या सुरुवातीला देश आपली तेलाची गरज जवळपास स्वतः भागवू लागला होता. १९९४पासून पामतेलाला दार उघडलं. नंतर शुल्क कधी वर, कधी खाली. घाणा गेला, करडई बांधाच्याही बाहेर गेली. परभणीचं कृषी विद्यापीठ अजूनही करडईचे नवे वाण काढतं, आमच्या शिवारात मात्र पेरणारे दोन.

पण खरं सांगू? बायकोला विचारलं, आयात बंद करून तेल महाग झालं तर चालेल का? ती म्हणाली, "तुमचं सोयाबीन वर्षातून एकदा विकतंय, तेल मला दर आठवड्याला लागतंय." एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियानं आपल्या लोकांसाठी पामतेलाची निर्यात थांबवली होती, तेव्हा तिनं आठवडाभर भजी केली नव्हती. आयात बंद करा, ही घोषणा माझ्याच स्वयंपाकघरात टिकत नाही.

मग खटकतंय काय?

आधी मे महिन्यातल्या दोन तारखा बघा. २८ मे २०२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ वरून ५,३२८ झाला. ४३६ रुपयांची वाढ, पेढे वाटण्यासारखी. ३० मेला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलं. दोन दिवसांत एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढलं. तरी मी म्हणेन, हे निदान पेरणीच्या आधी झालं. ज्याला कळलं त्याला विचार करता आला. कुणाला कळलं, हा वेगळा विषय.

२०२१ला तेवढंही नव्हतं. ऑगस्टमध्ये भाव १० हजारांच्या आसपास गेलेला. १९ वर्षांत तसले आकडे मी तेव्हाच लिहिले, पट्टी लिहिताना दोनदा खात्री करायचो. रानात पीक उभं. लोकांनी सोयरिकी ठरवल्या, ट्रॅक्टरच्या शोरूमला चकरा मारल्या. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि २४ ऑगस्टला सरकारनं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, सोयाबीनची पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवा माल मोंढ्यात आला तोवर भाव निम्म्याजवळ. यातली गंमत म्हणजे जीएम सोयाबीन पेरायला आपल्याला बंदी. त्याचं तेल खायला चालतं, पेंड कोंबडीला चालते, पेरलं तर गुन्हा. एक काहीतरी ठरवा की.

आणि २०२५ला कापूस. बहीण मानवतला दिली आहे. दाजींची सहा एकर कपाशी. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आठ-नऊ दिवसांत ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं ते २७ ऑगस्टपासून. कापड गिरण्या अडचणीत, त्यांना स्वस्त कापूस पाहिजे. कबूल. गिरणीत काम करणारी पण माणसंच आहेत. पण भांडण वॉशिंग्टनचं आणि दिल्लीचं, ते मिटवायला बोंड दाजींचं. ऑगस्टमध्ये कपाशी पात्या-फुलांत असते. तेव्हा उपटून दुसरं काही पेरता येत नाही. दाजी फोनवर एवढंच म्हणाले, "पावणं, जूनमध्ये सांगितलं असतं तर दोन एकर हळद लावली असती."

माझं म्हणणं तेवढंच आहे. आयात करा, निर्यात करा, शुल्क शून्य करा नाहीतर पन्नास करा. पण मृगाच्या आधी सांगा आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याला हात लावू नका. कारखाना काढणाऱ्याला सवलती वर्षानुवर्षांच्या लेखी मिळतात, कारण त्यानं पैसा गुंतवलेला असतो. दाजींनी सहा एकरांत काय चिंचोके गुंतवलेत?

यावर अर्थशास्त्र शिकलेला एक भाचा म्हणतो, मामा, भाव भडकले तर सरकारला मधेच हात घालावाच लागतो. लागतो ना. मग हात घातल्यावर पडलेल्या भावातला फरक खात्यावर टाका. हमीभाव कागदावर आहेच. खरेदी केंद्रावर ओल १२ टक्क्यांच्या आत मागतात, नोंदणी करा, मेसेज येईल म्हणतात, बारदाना संपला म्हणतात. पुराच्या पाण्यातून निघालेल्या दाण्याला १२ टक्के ओल कुठून आणायची? आमचा मेसेज अजून आलेला नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल दिवाणजी नुसता रडतो.

लातूरच्या डाळ मिलांत जी तूर भरडली जाते ती सगळी इथली नसते. म्यानमारची लेमन, टांझानियाची अरुषा, मोझांबिकची गजरी. हमाल ही नावं अशी घेतात जशी शेजारच्या गावांची आहेत. मोझांबिकशी २०१६ला करार झाला, वर्षाला २ लाख टनांपर्यंत तूर घ्यायचा, २०२१ला तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला. त्या तुरीनं आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो हे खरं. पण इथली तूर संपली की उन्हाळ्यात मिल चालते तीच गजरीवर आणि गाडी खाली करणाऱ्या हमालाच्या घरी चूल पेटते. मोझांबिकचा तो शेतकरीही आमच्यासारखाच, दोन-तीन एकरांचा. तो ही तूर बहुतेक आपल्यासाठीच पिकवतो. दिल्लीनं एखाद्या वर्षी दार लावलं तर त्याचं काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यात फार उशिरा आला.

माझा पुतण्या संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत आहे. १९८५ला बजाजचा कारखाना तिथं आला, त्याच्या मागं सुटे भाग पुरवणारे शेकडो व्हेंडर आले. तसल्याच एका छोट्या युनिटमध्ये तो कंत्राटी. त्यानं केलेला पार्ट ज्या गाड्यांत बसतो त्यातल्या बऱ्याच आफ्रिकेत जातात. तिकडं रिक्षा नाहीतर मोटारसायकलच टॅक्सी असते. पगार, वर ओव्हरटाइम. आमच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला तो त्या ओटीच्या पैशातून, सोयाबीनच्या नाही. जून २०२३ला नायजेरियाचं चलन कोसळलं. तिकडच्या माणसाला गाडी परवडेना. पुतण्याला कुणी नायजेरिया वगैरे सांगितलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "ऑर्डर नाही, उद्यापासून ओटी बंद." दोन महिन्यांनी ठेकेदारानं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून थांबवलं. गावाकडं आला तेव्हा मला म्हणाला, "काका, तुमचं बरंय, तुमचा भाव पडतो. आमचं कामच पडतं."

त्याला उत्तर देता आलं नाही. पण त्याला कामावर परत बोलावलं, एवढा फरक आहे. आणि हाताला कसब लागलं ते कायमचं. म्हणून गावातल्या पोरांनी मला विचारलं तर मी वाळूजच सांगतो.

आमच्याच तेरणाकाठी धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, तिथं लामतुरे संग्रहालय आहे. पोराच्या शाळेची सहल गेली होती, मीही मागं लागून गेलो. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल बैलगाड्यांतून आधी पैठण आणि तिथून भडोचच्या बंदराला जायचा. तगरहून दहा दिवस आणि पैठणहून पुढं वीस, असा हिशेब एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलाय. तिथून जहाजानं थेट रोमनांच्या राज्यात. तो मालही लिहितो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड. जाडंभरडं, तलम, सगळ्या तऱ्हेचं. कापूस गेल्याचं तो लिहीत नाही. पिंजणं, कातणं, विणणं, सगळं इथंच व्हायचं. आज मानवतहून गाठी जातात, विणकाम दुसरीकडं. जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ला झाली. समृद्धी महामार्ग तर आता इगतपुरीच्याही पुढं जातो. रस्ता मुंबईच्या दारापर्यंत सरळ झाला, छान झालं. त्यावरून आमच्याकडचं काय जाणार, दाणा की आणखी काही, हे विचारायला मात्र कुणाला सवड नाही.

असो. चार बॅगचं, म्हणजे बियाण्याच्या चार बॅग लागतील एवढं, चारेक एकर रान आमचं. खालच्या दोन बॅग पाण्यानं नेल्या. वरच्या दोन बॅग काढायला मजुरांनी बॅगला साडेपाच हजार घेतले. चिखलात पाय रुतत होते, त्यांचंही बरोबर. निघालं नऊ क्विंटल, त्यातलं तीन डागी. भावानं ते अंगणात ताडपत्रीवर वाळवलं, कट्टे भरून ओसरीला लावले. गेल्या आठवड्यात तीनदा त्याचा फोन आला. विकू का थांबू?

काल रात्री मी शिकागो बघितलं, मलेशिया बघितलं, डॉलर बघितला. त्याला म्हणालो, उद्या प्लांटचा भाव पडू दे, मग सांगतो.

तो म्हणाला, "दादा, काल पण हेच म्हणलास. उंदरं लागलीत."